नैराश्यात झोप बिघडली असेल तर सुरुवात सकाळपासून करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. नैराश्यावर औषध सुरू होऊन दोन महिने झाले. रडू येणं, चिडचिड कमी झाली आहे, पण झोप काही रुळावर येत नाही. रात्री अकराला अंथरुणावर पडता, एक वाजेपर्यंत कूस बदलत राहता. चारच्या सुमारास टक्क जाग येते. मग साडेसहानंतर कशीबशी गुंगी लागते ती नऊपर्यंत, आणि साडेनऊला उठता तेव्हा अंग जड झालेलं असतं. मोबाइल लांब ठेवून पाहिला, संध्याकाळची कॉफी सोडली, दीर्घ श्वसन केलं, दमायला होतं म्हणून लवकर झोपायलाही जाऊन पाहिलं. फरक नाही. तुम्ही विचारता, झोप सुधारली तर नैराश्य कमी होईल, की नैराश्य हटल्याशिवाय झोप येणारच नाही? आणि आता करायचं काय?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या नैराश्याच्या बहुतेक रुग्णांची झोप कुठल्या ना कुठल्या प्रकारे बिघडलेली असते. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात आधी दिसले ते दोन आकडे. अकरा ते साडेनऊ म्हणजे साडेदहा तास तुम्ही अंथरुणात असता. त्यात रात्रीची तीन तास आणि सकाळची अडीच तास धरून झोप होते साडेपाच तास. उरलेले पाच तास तुम्ही जागे राहून, अंधारात, स्वतःच्या विचारांबरोबर एकटे पडून असता. तुम्हाला 'झोप कमी' हा त्रास वाटतो, आणि तो आहेच. पण तुमच्या नैराश्याला रोज खतपाणी मिळतं ते या पाच तासांतून. म्हणून मी तुम्हाला जास्त झोपण्याचे उपाय सांगणार नाही. आधी हे पाच तास कमी करू.

आधी काय, या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही बाजूंनी' असं आहे. पूर्वी डॉक्टर निद्रानाशाला नैराश्याचं नुसतं लक्षण मानत आणि मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल असं सांगत. आता तसं मानत नाहीत. वर्षानुवर्षं लोकांचा मागोवा घेतलेल्या 21 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना नैराश्य नव्हतं पण निद्रानाश होता, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. मन सावरल्यावरही झोप बिघडलेलीच राहिली तर नैराश्य उलटण्याची शक्यता वाढते, हेही आम्ही नेहमी पाहतो. 2008 मधल्या एका छोट्या अभ्यासात नैराश्याच्या गोळीबरोबर निद्रानाशाची स्वतंत्र वर्तनोपचार पद्धती, म्हणजे औषधाऐवजी झोपेच्या सवयी बदलण्याचा उपचार, दिली, तेव्हा नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळीपेक्षा जास्त निघालं. अभ्यास तीसच जणांचा होता, म्हणून त्यावर फार मोठा दावा करणार नाही. पण झोपेवर वेगळं काम करण्यात अर्थ आहे एवढं नक्की. मात्र झोप नीट झाली म्हणून गोळ्या किंवा समुपदेशन सोडायचं, असा याचा अर्थ घेऊ नका.

पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून काही गोष्टी आधी तपासा. कधी काळी तुम्हाला असे दिवस आले होते का, की तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं भरभर, डोक्यात योजनांचा पूर, हातून पैसा भसाभस खर्च? तसं असेल तर तुमचं नैराश्य बायपोलर प्रकारचं असू शकतं आणि झोपेचे तास कमी करणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. त्याने मन उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं. फिट्स येण्याचा आजार असेल तरी तास कमी करायचे नाहीत. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलं आहे का, सकाळी डोकं दुखतं का? मग स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी आधी. त्याचा दिवसभराचा थकवा आणि निरुत्साह हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. आडवं पडल्यावर पायात वळवळ होऊन पाय हलवत राहावंसं वाटत असेल तर रक्तातलं लोह तपासायला हवं. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. थायरॉइडही एकदा पाहून घ्यावं. आणि गोळी कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या तरतरी आणतात, त्या सकाळी घेतलेल्या बऱ्या. काही गुंगी आणतात, त्या रात्री. वेळ बदलण्यासारखी साधी गोष्टही कधी कधी निम्मं काम करून जाते, पण ती स्वतःच्या मनाने बदलू नका.

यातलं काही तुम्हाला लागू नाही असं धरून पुढे जाते.

झोप दोन गोष्टींवर चालते. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने 1982 मध्ये मांडलेली ही चौकट आजही आमच्या कामाचा पाया आहे. एक म्हणजे झोपेची भूक. तुम्ही जितके तास जागे आणि हालते-फिरते राहता, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. कोणत्या वेळी जागं ठेवायचं आणि कोणत्या वेळी झोपवायचं हे ते ठरवतं, आणि त्याची किल्ली मुख्यतः सकाळचा प्रकाश देतो. रात्री या दोघांची वेळ जुळली की झोप लागते.

नैराश्य नेमकं या दोन्हींवर घाव घालतं. दिवसभर काही करावंसं वाटत नाही, माणूस सोफ्यावर किंवा पलंगावर पडून राहतो, मध्येच डुलकी काढतो. भूक लागायच्या आधीच थोडं थोडं खात राहिल्यासारखं होतं, मग रात्री झोपेची भूक येणार कुठून? सकाळी साडेनऊपर्यंत पडदे ओढलेल्या खोलीत राहिल्यावर घड्याळाला प्रकाश मिळत नाही, ते मागे पडत जातं. तुम्ही अकराला आडवे झालात तरी शरीराच्या लेखी अजून झोपेची वेळ झालेली नसते. दमलोय म्हणून दहालाच अंथरुणावर गेलात तर जागं राहण्याचा आणखी एक तास पदरी पडतो. दमणं आणि झोप येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्यातला माणूस दमलेला असतो, पण त्याला झोप आलेली असतेच असं नाही. डोळे मिटू लागणं, एकच ओळ तीनदा वाचणं, मान कलणं ही झोप आल्याची खूण. नुसतं गळून गेल्यासारखं वाटणं ही ती खूण नव्हे.

आणि यात आणखी एक गोष्ट मिसळते. रोज रात्री दोन तास त्याच उशीवर डोकं ठेवून 'आपलं काय होणार' हा विचार करत राहिलं की मेंदू त्या जागेचा संबंध झोपेशी जोडायचं सोडून देतो. सोफ्यावर डोळे मिटत होते आणि अंथरुणावर पाठ टेकताच झोप उडाली, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये यावरच उपाय सुचवला होता, तो पुढे सांगते. नैराश्यात हे जास्त घट्ट बसतं, कारण अंथरूण आसरा झालेलं असतं. लोकांना तोंड द्यावं लागत नाही, पांघरुणात निदान सुरक्षित वाटतं. ते ओढून घेतलं जातंय असं वाटलं तर तुमचा राग मी समजू शकते. पण त्या आसऱ्यातच तुमचे सगळ्यात काळे तास जातात.

तुम्ही जे करून पाहिलं, ते चुकीचं नव्हतं. मोबाइल, कॉफी, शांत अंधारी खोली, ही यादी ठीकच आहे. पण ज्यांची झोप मुळात बरी आहे त्यांची ती बरी राहावी यासाठी ती आहे. जुनाट निद्रानाशावर नुसती ही यादी पुरत नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकॅडमीने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत तर एकटा उपाय म्हणून ती वापरू नये असंच सुचवलं. 'सगळं केलं तरी मला झोप येत नाही, माझ्यातच काही खोट आहे' असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल तर तो सोडून द्या.

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट उठण्याची वेळ. तुमच्यासाठी मी साडेसहा म्हणेन. रात्र कशीही गेली, सुट्टी असली, पाचला डोळा लागला असला तरी साडेसहा. झोप कधी लागावी हे कोणाच्याच हातात नसतं, पण उठायचं कधी हे बऱ्याच अंशी हातात असतं. म्हणून सगळी पकड तिथे.

नैराश्यात 'सकाळी लवकर उठा' हे सांगणं सोपं आणि करणं डोंगराएवढं असतं, हे मला माहीत आहे. अनेकांना सकाळच सगळ्यात वाईट जाते. डोळे उघडताच छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि संध्याकाळपर्यंत तो हळूहळू हलका होतो. हा आजाराचाच ठरलेला भाग आहे, आळस नाही. म्हणून सकाळी इच्छा होण्याची वाट पाहायची नाही आणि सकाळी काहीही ठरवायचं नाही. सगळं आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवायचं. अलार्म हात पोचणार नाही इतक्या लांब. घालायचे कपडे खुर्चीवर. पाण्याचा पेला टेबलावर. घरात कोणी असेल तर त्यांना एकच काम सांगा: साडेसहाला येऊन पडदा उघडायचा आणि निघून जायचं. उपदेश नको, 'आज कसं वाटतंय' ही चौकशीही नको. एकटे राहत असाल तर कोणा मित्राशी ठरवा की पावणेसातला एक फोन, दोन मिनिटांचा. तुम्ही स्वतःसाठी उठणार नाही, पण कोणाचा फोन येणार आहे म्हणून उठाल. माझ्या रुग्णांमध्ये सगळ्यात जास्त दिवस टिकणारी युक्ती हीच आहे.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत उजेडात जा. गच्ची, गॅलरी, अंगण, रस्ता, काहीही चालेल. फिरलात तर उत्तम, नुसते बसलात तरी चालेल. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण त्याचा उजेड साधारणपणे काही शे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. बाहेर ढगाळ वातावरणातही तो काही हजार लक्स असतो. शरीराच्या घड्याळाला हा फरक चांगला कळतो. वीस-तीस मिनिटं पुरेत. उजाडायला उशीर होत असेल तर उजाडल्यावर लगेच.

दुसरी गोष्ट अंथरुणातले तास. आधी एक आठवडा रोज सकाळी चार नोंदी करा: आडवे कधी झालात, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती जागे होता, उठलात कधी. घड्याळ बघून नको, अंदाजाने. मनगटावरच्या यंत्राचे आकडे तर मुळीच नको. त्याने झोपेची धास्ती वाढलेले लोक मी रोज पाहते. आठवड्याची सरासरी साडेपाच तासच निघाली असं समजा. मग अंथरुणात घालवायचे तास ठरवायचे सहा. साडेसहाला उठायचं म्हणजे आडवं व्हायचं साडेबाराला, त्याआधी नाही. या पद्धतीत कोणालाही साडेपाच तासांपेक्षा खाली मी आणत नाही.

हे ऐकून लोक दचकतात. आधीच झोप नाही आणि ही बाई आणखी कमी करायला सांगते! पण तुम्ही झोप कमी करत नाही, जागं पडून राहणं कमी करता. झोपेची भूक साठते, तुटक तुटक तुकडे जवळ येतात आणि रात्र सलग होते. शिवाय एक विलक्षण गोष्ट 1971 पासून नोंदलेली आहे: नैराश्याच्या साधारण निम्म्या रुग्णांचं मन एक पूर्ण रात्र जागं ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी हलकं होतं आणि झोप काढली की बहुधा पुन्हा खाली येतं. म्हणून ती घरी करायची गोष्ट नाही. पण एका जागरणाने मन कोसळणारच, ही भीती तेवढी खरी नाही हे त्यातून कळतं.

आठवडाभरात अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्के वेळ झोप लागू लागली, म्हणजे सहातले पाच तास आणि वर थोडी मिनिटं, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. सव्वाबारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहायचं. उठण्याची वेळ हलवायची नाही. पहिले दहा-बारा दिवस दिवसा पेंग येईल, तेव्हा गाडी चालवणं आणि यंत्रावरची कामं टाळा. तुमचं काम तसंच असेल तर सहाऐवजी साडेसहा-सात तासांनी सुरुवात करा. हळू होईल, पण होईल.

तिसरी गोष्ट बूट्झिन यांची. अंथरुणात पंधरा-वीस मिनिटं जागे आहोत असं वाटलं की उठायचं. यासाठी दुसरी जागा आधीच तयार ठेवा: एक खुर्ची, मंद दिवा, पायांवर घ्यायला काहीतरी, आणि हातात असं काही की जे केव्हाही खाली ठेवता येईल. जुनं मासिक, विणकाम, कपड्यांच्या घड्या. डोळे मिटू लागले की परत अंथरुणावर. पुन्हा जागे राहिलात तर पुन्हा उठायचं. सुरुवातीला हे रात्रीतून तीन-चारदा होईल आणि वैताग येईल. अंथरुणात बसून जेवणं, काम, फोन हेही बंद. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

पहाटे चारला येणाऱ्या जागेबद्दल, म्हणजे झोप मोडण्याबद्दल, थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या प्रश्नात ती सगळ्यात दुखरी वाटली. नेहमीच्या वेळेआधी दोन तास किंवा त्याहून जास्त आधी जाग येणं ही नैराश्याची जुनी ओळखीची खूण आहे. रात्रीची गाढ झोप बहुतेक पहिल्या काही तासांत होऊन जाते, उत्तररात्री झोप हलकी आणि स्वप्नांची असते, शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या वेळचा मेंदू हिशेब करायला लायक नसतो. चार वाजता नोकरी गेलेली असते, नाती संपलेली असतात, सगळं आपल्यामुळे झालेलं असतं. तेच विचार दुपारी बाराला आठवून पाहा, त्यांचं वजन निम्मं झालेलं असतं. म्हणून एक नियम करा: पहाटे चारचा कोणताही निष्कर्ष सकाळी दहापर्यंत लागू नाही. विचार थांबवायचा प्रयत्न नको, तो थांबत नाही. उठून खुर्चीत बसा, एका ओळीत कागदावर लिहा, 'दहानंतर बघू', आणि हातातलं काम सुरू करा. संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून दुसऱ्या दिवसाच्या काळज्या आणि त्यातल्या प्रत्येकीची पुढची एक पायरी लिहून ठेवलीत तर पहाटेचा मारा थोडा बोथट होतो.

मात्र त्या वेळी मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे सगळे नियम बाजूला ठेवा आणि माणसाला उठवा. घरातलं कोणी, मित्र, तुमच्या भागातली हेल्पलाइन, जवळच्या रुग्णालयातला तातडीचा विभाग. 'रात्री कशाला झोपमोड करायची' असं म्हणून थांबू नका. निद्रानाश आणि भयंकर स्वप्नं यांनी आत्महत्येचा धोका वाढतो, त्यामुळे असे विचार आले असतील तर तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगा.

दिवसाचं थोडक्यात. डुलकी शक्यतो नको, फारच असह्य झालं तर तीनच्या आत वीस मिनिटं, अलार्म लावून, अंथरुणावर नाही. कॅफिनचा अंमल लांब चालतो, दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं रात्री नऊलाही अंगात असतं, तेव्हा दुपारी बारानंतर बंद. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती झोप फोडते आणि नैराश्य वाढवते. दिवसातून दोन ठरलेल्या वेळांना घराबाहेर पडायचं, मग काम कितीही किरकोळ असो. आवड आधी आणि कृती नंतर ही वाट नैराश्यात बंद असते. कृती आधी केली तर आवड मागून येते, कधी कधी बरीच उशिरा.

झोपेच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात असतील म्हणून सांगते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. महिनोन्‌महिने घेतल्या की अनेकदा त्यांच्यावाचून झोप येईनाशी होते. आणि बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, त्याने झोप आणखी उडते, घबराट होते, फिट येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. हळूहळू कमी करायच्या, तेही डॉक्टरांनी आखून दिलेल्या पद्धतीने. जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय गोळी नसून मी वर सांगितलेली वर्तनोपचार पद्धतीच असावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही 2016 मध्ये सांगितलं आहे. ती शिकवणारे मानसतज्ज्ञ मिळाले तर त्यांच्याबरोबर करा, जास्त टिकते.

अपेक्षा काय ठेवायची? पहिला आठवडा कठीण, दुसरा बहुतेकांना सर्वांत कठीण, कारण नवेपणा ओसरलेला असतो आणि फळ दिसलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप लागायला लागणारा वेळ कमी होतो. पहाटेची जाग सगळ्यात शेवटी हलते. मन सुधारल्याचं तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात येईल. मध्ये एखादी रात्र पूर्ण वाया जाईल. त्या दिवशी भरपाई म्हणून लवकर आडवं व्हायचा मोह होईल, तेवढा टाळा.

आणि सहा आठवडे नीट करूनही 85 टक्क्यांच्या आसपास पोचला नाहीत, किंवा झोप आली पण मन तिथेच राहिलं, तर नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा वेळी बहुधा गोळीचा डोस किंवा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर घोरण्यासारखं काही नजरेतून सुटलेलं असतं, आणि ते शोधायला त्या वहीतल्या नोंदी कोणत्याही आठवणीपेक्षा उपयोगी पडतात.